परदेशी शिक्षण की परदेशी पदवी? : तराजूच्या दोन पारड्यांविषयी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडून व्यापारातील अनुभवांवर लेख मागितला होता. परंतु गेले सहा महिने आमच्या घरात, पेढीवर, आणि खरे सांगावयाचे तर रविवार पेठेतील निम्म्या दुकानांत ज्या एका प्रश्नाची चर्चा चालू आहे, तो बाजूस सारून तूर-हरभऱ्याच्या तेजीमंदीवर लिहिणे मला प्रशस्त वाटेना. तो प्रश्न असा : मुलांना उच्च शिक्षणासाठी परदेशी धाडावे, की परदेशी विद्यापीठाची जी पदवी आता आपल्याच देशात मिळू लागली आहे, ती त्यांना येथेच राहून घेऊ द्यावी?

मी स्वतः मॅट्रिक. निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मला गादीवर बसविले, त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. अशा माणसाने विलायतेच्या पदव्यांची चिकित्सा करावी, हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. पण पैसे मोजणारा मी आहे, आणि मोजणाऱ्याने मालाची पारख करू नये असे कोणत्याही बाजारात सांगितलेले नाही. पोते कितीही नामांकित गिरणीचे असो, त्यावरचा छाप वाचून आपण भाव ठरवीत नाही. परखी खुपसून आतले दाणे हातावर घेतो, दोन दाताखाली घालतो, आणि मगच बोलतो. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण व्यापारी लोक नेमके उलटे वागतो, छाप पाहून सौदा करतो. तसा सौदा मीही केला आहे, म्हणूनच हे लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे वाटते.

आमचे कुटुंब एकत्र आहे. माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा नातू २०२२ च्या सप्टेंबरात व्यवस्थापनशास्त्राच्या एका वर्षाच्या पदवीसाठी इंग्लंडला गेला. साडेसतरा हजार पौंड शुल्क, राहण्या-जेवण्याचे अकरा हजार, शिवाय परवाना, आरोग्य-आकार व विमानभाडे. त्या वेळी पौंड नव्वद रुपयांच्या आसपास होता. आम्ही अठ्ठावीस लाखांचा अंदाज केला आणि बँकेकडून बावीस लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. साडेसात लाखांपुढील कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. आम्ही गोदाम तारण दिले. पुढच्या वर्षी जुलैत पौंड एकशे पाचावर गेला आणि आमचा खर्च एकतीस लाखांच्या घरात पोहोचला. २०२५ अखेर हाच पौंड एकशे पंधराच्याही वर होता. जो व्यापारी माल आज ठरवितो व पैसे वर्षभर हप्त्याहप्त्याने परक्या नाण्यात देतो, त्याने भावफरकाची तरतूद केलीच पाहिजे. हे मी जन्मभर दुसऱ्यांस सांगत आलो, आणि घरच्या व्यवहारात विसरलो.

मुलगा शिकला, उत्तीर्ण झाला, पदवीही मिळाली. पुढे दोन वर्षे तेथे राहून काम शोधण्याची मुभा होती. परंतु २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या सरकारने कुशल कामगाराच्या परवान्यासाठी लागणाऱ्या वार्षिक पगाराची सर्वसाधारण मर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर नेली. नवख्यांस काही सवलत होती, तरी तेवढ्या पगारावर ठेवून घेणारा धनी मिळाला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात तो परत आला. आज पुण्यात पंचावन्न हजारांवर नोकरी करतो आणि त्यातले तीस हजार दरमहा कर्जाच्या हप्त्यास देतो. गोदाम अजून बँकेकडे तारण आहे.

येथे कोणी म्हणेल, झाले, सिद्ध झाले. परदेशी धाडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. माझे तसे मत नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

प्रथम थोडे मागे पाहू. १८८८ साली मोहनदास करमचंद गांधी कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींची समजूत एका जैन मुनींनी घातली. बेचरजी स्वामींनी मुलास मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मग मातेने अनुज्ञा दिली. मुंबईच्या मोढ वणिक ज्ञातीने मात्र त्यांना बहिष्कृत केले, आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा निरोप द्यावयास धक्क्यावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. पाचच वर्षांनी, १८९३ साली, आपले वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. मुनींना समुद्रगमन वर्ज्य, म्हणून श्रावकाने जावयाचे, अशी ती व्यवस्था होती. तरीही परत आल्यावर समाजातील विरोध त्यांना सोसावा लागलाच.

आज आपण सव्वा रुपया दंड करीत नाही. उलट शाल व श्रीफळ देतो. काळ बदलला हे चांगलेच झाले. परंतु दोन्ही काळांत एक गोष्ट समान राहिली. मुलगा कोणते शिक्षण घेणार, ते तेथेच का, आणि ते घेऊन तो काय करणार, हे तेव्हाच्या ज्ञातीने विचारले नाही आणि आजची ज्ञातीही विचारीत नाही. तेव्हा समुद्र ओलांडणे हाच अपराध होता, आज समुद्र ओलांडणे हाच पराक्रम झाला आहे.

माझे म्हणणे एवढेच की, 'परदेशी शिक्षण' या एका पोत्यात दोन निरनिराळे जिन्नस मिसळलेले असतात, आणि ते निवडल्यावाचून भाव ठरविता येत नाही. पहिला जिन्नस म्हणजे वास्तव्य : परक्या भूमीवर एकट्याने राहणे, तेथील ग्रंथालये, प्रयोगशाळा, अध्यापक व सहाध्यायी यांचा सहवास. दुसरा जिन्नस म्हणजे शिक्का : त्या विद्यापीठाच्या नावाचे पदवीपत्र. एक मिळाले म्हणजे दुसरे मिळतेच असे नाही.

हे वेगळेपण काही आजचे नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच आपल्या परीक्षा तेथील महाविद्यालयांत न राहणाऱ्यांसही खुल्या केल्या, आणि पुढे जगभरच्या कित्येकांनी आपापल्या गावी राहून लंडनची पदवी मिळविली. म्हणजे घरबसल्या परदेशी पदवी ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला गेले, आणि एकदा नव्हे, दोनदा गेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. मग मुंबईत अध्यापन करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा गेले. १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्यांना पदवी हवी होती हे खरे, पण ज्या कागदपत्रांचा व ग्रंथांचा अभ्यास करावयाचा होता तो ठेवा लंडनमध्ये होता. तेथे वास्तव्य हाच मुख्य जिन्नस होता, आणि त्यासाठी सोसलेले कष्ट सार्थ झाले.

याच्या उलट उदाहरण आपल्या जिल्ह्याचे आहे. चिकोडी भागातील सदलगा या गावी १९०६ साली जन्मलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. १९३५ साली त्यांनी आचार्य कुंदकुंदांच्या प्रवचनसाराची जी आवृत्ती संपादित केली, तिची विस्तृत इंग्रजी प्रस्तावना पाहून पाश्चात्त्य पंडितांनी त्यांना आपल्या पंक्तीस बसविले. त्यांची डी. लिट. मुंबई विद्यापीठाची, १९३९ सालची. विलायतेचा शिक्का त्यांच्यापाशी नव्हता, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. कारण त्यांच्या विद्येचा मूळ ठेवा, म्हणजे प्राकृत पोथ्या, येथेच होता. जो माल जेथे पिकतो तेथे तो घ्यावयास जावे, हा आपला साधा धंद्याचा नियम विद्येसही लागू पडतो.

तिसरे उदाहरण तर आपण बेळगावकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१० साली 'युनिव्हर्सिटी साइन्स मलेशिया' या मलेशियाच्या सरकारी विद्यापीठाने येथील के. एल. ई. संस्थेच्या सहकार्याने वैद्यकीय शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. मलेशियाची मुले-मुली बेळगावात येऊन राहिली, येथील रुग्णालयात शिकली, आणि त्यांना पदवी मिळाली ती त्यांच्याच देशातील विद्यापीठाची. आपली मुले मायदेशी राहून परदेशी पदवी घेऊ पाहतात. या मुलांनी परदेशी राहून मायदेशीची पदवी घेतली! पेठेत सामान घ्यावयास येणारी ही मुले प्रथम बोट दाखवून वस्तू मागत. वर्षा-दोन वर्षांत मोडक्यातोडक्या कानडी-मराठीत घासाघीस करू लागत. आपल्या बोलीतले दुखणे ज्याला समजते असा डॉक्टर होणे, हे त्यांनी येथे राहून मिळविले. ते पदवीपत्रावर कोठेही लिहिलेले नसते.

आता देशातच मिळणाऱ्या परदेशी पदवीकडे वळू. येथे तीन प्रकारचा माल एकाच नावाने विकला जातो, आणि फसगत होते ती या नामसादृश्यामुळे.

पहिला प्रकार म्हणजे परदेशी विद्यापीठाने स्वतः येथे उघडलेली शाखा. गुजरातेत गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत डीकिन व वुलनगाँग या दोन ऑस्ट्रेलियन विद्यापीठांनी २०२४ साली अध्यापन सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली जे नियम केले, त्यांखाली इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाची शाखा २०२५ साली दिल्लीजवळ गुरुग्राम येथे सुरू झाली. २०२५ च्या जूनमध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक रचनाकला-संस्था, अशा पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबई परिसरासाठी इरादापत्रे देण्यात आली. आयोगाच्या नियमांप्रमाणे अशा शाखेची पदवी ही मूळ विद्यापीठाचीच पदवी होय, आणि तिला येथे निराळे समकक्षता-प्रमाणपत्र लागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे भारतीय व परदेशी विद्यापीठांची भागीदारी. तिचे नियम २०२२ साली झाले. त्यात तीन पोटभेद आहेत. एकात परदेशी शिक्षणाचा वाटा फार तर तीस टक्के असतो व पदवी भारतीय विद्यापीठाचीच मिळते; दुसऱ्यात दोघांची मिळून एक पदवी; तिसऱ्यात दोघांच्या दोन स्वतंत्र पदव्या. जाहिरातीत या तिन्हींवर परदेशी विद्यापीठाचे नाव सारख्याच मोठ्या अक्षरांत असते; म्हणून अखेरच्या पदवीपत्रावर कोणाची सही व मुद्रा येणार हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. परदेशी संस्थेचे नाव भाड्याने घेऊन, आयोगाच्या मान्यतेवाचून, कोठेतरी दोन खोल्यांत किंवा केवळ संगणकाच्या पडद्यावर पदव्या विकणारे. अशा पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत, असा इशारा आयोगाने २०२३ च्या डिसेंबरात दिला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या शास्त्रकारांनी 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. अस्सलात नक्कल मिसळून विकणे, असा त्याचा अर्थ आपणांस पर्युषणात दरवर्षी ऐकावयास मिळतो. तांदळात खडे मिसळणारा आणि असली पदवी विकणारा, यांत मला फरक दिसत नाही. फरक असलाच तर इतका की खडे दाताखाली लगेच कळतात.

याच संदर्भात मध्यस्थांविषयी एक शब्द. मुलांना परदेशी प्रवेश मिळवून देणारी कार्यालये आता तालुक्याच्या गावीही निघाली आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ जण विद्यार्थ्याकडून काही घेत नाहीत. आपण अडतीचा धंदा करणारी माणसे; अडत्या जेव्हा घेणाऱ्याकडून दमडीही मागत नाही, तेव्हा त्याची अडत विकणारा देत असतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. विद्यापीठे अशा मध्यस्थांस शुल्काच्या प्रमाणात दलाली देतात. यात बेकायदा काही नाही. पण असा मनुष्य कोणाच्या बाजूने बोलणार, हे ओळखून त्याचे ऐकावे. आमच्या नातवाची निवड अशाच एका कार्यालयात अर्ध्या तासात झाली. त्या अर्ध्या तासात त्याला काय शिकावयाचे आहे, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.

आता दोन्ही पारड्यांत प्रत्यक्ष काय पडते ते पाहू. येथील शाखेचे शुल्क मूळ ठिकाणापेक्षा कमी असले तरी आपल्या विद्यापीठांच्या अनेक पट आहे. मात्र परदेशी राहण्याचा खर्च वाचतो, पैसा रुपयांत द्यावयाचा, सणावाराला मूल घरी, आणि आपल्या आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वीचे भोजनही तुलनेने सुकर. हे लाभ लहान नव्हेत. परंतु येथील शाखेच्या पदवीबरोबर त्या देशात राहून काम शोधण्याचा परवाना येत नाही. इंग्लंडचा तसा परवाना, इंग्लंडमध्ये विद्यार्थी म्हणून राहून पदवी घेतलेल्यांसच मिळतो. शिवाय या शाखांत सध्या मुख्यत्वे संगणक, अर्थशास्त्र, लेखा व व्यवस्थापन असे विषय दिसतात. ज्यांना मोठ्या प्रयोगशाळा लागतात असे विषय थोडे.

आणि त्या परवान्यावर तरी किती विसंबावे? २०२४ च्या जानेवारीत कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. इंग्लंडमधील कामाचा तो दोन वर्षांचा परवाना २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्या बी. ए., एम. ए. दर्जाच्या पदवीधरांस दीड वर्षाचाच मिळावयाचा आहे. परक्या सरकारला दोष देण्यात अर्थ नाही. २०२३ च्या २० जुलैस आपल्याच सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद केली, ती २०२४ च्या सप्टेंबरात उठविली. त्या मधल्या काळात ज्यांचा माल बंदरावर अडकला, त्यांना विचारावे. जो सौदा एका सरकारी हुकुमाने बुडू शकतो, त्यावर घरचे एकुलते गोदाम लावू नये. परदेशी नोकरी मिळाली तर तो नफा समजावा. ती न मिळताही हप्ते फिटतील इतपतच कर्ज काढावे.

येथवर लिहिलेले कोणीही हिशेबी माणूस लिहील. आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना संकोच वाटतो. पण ते वगळले तर लेखास अर्थ उरणार नाही.

माझी नात धारवाडहून अन्नविज्ञानाची पदवी घेऊन यंदा घरी आली. धान्य साठवणुकीत कीड व बुरशी यांचा उपद्रव टाळण्याच्या शास्त्रात तिला पुढे शिकावयाचे आहे. आमच्याच धंद्यातला प्रश्न; दर पावसाळ्यात मी त्यापायी पोती गमावीत आलो. तिने इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे नाव घेताच घरातील वडीलधाऱ्यांची बैठक बसली, आणि त्या बैठकीत मीच प्रथम बोललो. मी म्हणालो, "आता परदेशची पदवी येथेच मिळते, मग एवढ्या लांब जावयाचे कशाला?" कोणीतरी गिफ्ट सिटीतील अभ्यासक्रमाचे पत्रकही काढले. त्यात व्यापारी विश्लेषणाची पदवी होती. मुलीचा विषय तो नव्हेच, हे तिच्या आईने हळूच निदर्शनास आणले, तेव्हा माझे चिरंजीव म्हणाले, "विषय कोणता का असेना, पदवी परदेशचीच ना?" सर्वांनी माना डोलावल्या.

मुलगी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, दादाला पाठविताना गोदाम तारण ठेवलेत, तेव्हा त्याचा विषय येथे मिळतो की नाही, हे कोणी विचारले होते का? त्याचा तर पुण्यातही मिळत होता."

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री झोप आली नाही. मी मनाशी कबूल केले की, खर्च, पौंडाचा भाव, परवान्याची अनिश्चितता, ही सारी कारणे खरी असली तरी माझे कारण ती नव्हती. माझे कारण एकच होते : ही मुलगी आहे. नातवाच्या वेळी जे धाडस मला कर्तबगारी वाटले, ते तिच्या वेळी अविचार वाटले. घरबसल्या पदवीचे जे गुण मी बैठकीत घडाघडा सांगितले, ते मी तिला न पाठविण्यासाठी शोधून काढले होते. ज्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो, त्यांतच 'हीनाधिक मानोन्मान' येतो : घेण्याची मापे एक आणि देण्याची एक. वजनमापे खात्याचा शिक्का असलेली वजने मी पेढीवर पन्नास वर्षे वापरली, एकदाही दंड झाला नाही. घरात मात्र दोन वजने ठेवली होती.

आणि मला भीती वाटते की, ही स्थिती एकट्या माझ्या घरची नाही. परदेशी विद्यापीठे आपल्या दाराशी आली ही इष्ट गोष्ट आहे. ज्यांना खर्च झेपत नाही, ज्यांच्या घरी आजारी माणसे आहेत, अशा कित्येकांस तिचा लाभ होईल. पण आपल्या समाजात 'मुलगा लंडनला, मुलगी लंडनच्या गुरुग्राम शाखेत' असा पायंडा पडू लागला, तर त्यात सोय विद्यापीठांनी केली असली तरी कपट आपले असेल.

नातवाविषयीही थोडे लिहिणे न्यायाचे आहे. तो इंग्लंडात एकाच घरात आपल्याच भागातील आठ-नऊ मुलांबरोबर राहिला, दिवसभर मराठी बोलला, आणि वर्ग नसेल तेव्हा परवानगीप्रमाणे आठवड्यास वीस तास एका गोदामात खोकी उचलली. शिक्का मिळाला, वास्तव्याचा पुष्कळसा भाग हातचा गेला, असे तो स्वतःच म्हणतो. पण परत आल्यापासून तो आमच्या हमालांना 'अहो-जाहो' करतो. त्याच्या वाडवडिलांनी, आणि मीही, हे कधी केले नव्हते. एकतीस लाखांच्या खात्यात ही जमेची बाजू कोठे लिहावी हे मला समजत नाही. पण ती लिहिल्याखेरीज ताळेबंद खरा होणार नाही, एवढे समजते.

नातीच्या बाबतीत आम्ही काय ठरविले ते सांगून संपवितो. तिला आम्ही तिसरेही पारडे दाखविले, ज्यात परदेशी शिक्का मुळीच नाही. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून चालू आहे, आणि तेथेही तिच्या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते. प्रवेशपरीक्षा कठीण, जागा थोड्या. तिने तेथे अर्ज केला आहे आणि इंग्लंडच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्रही हाती आहे. दोन्हीकडील प्रयोगशाळांत काय आहे, कोण शिकवितो, हे ती स्वतः पत्रव्यवहार करून विचारीत आहे. नातवासाठी घरातून जेवढी रक्कम निघाली, तेवढी तिच्या नावे मांडली आहे, आणि पौंडाच्या भावफरकाची तरतूद निराळी ठेविली आहे. गोदाम पुन्हा तारण देणार नाही. त्याऐवजी येते दोन हंगाम साठा कमी करून धंदा थोडा आखडता घेऊ. रक्कम लागली नाही, तर ती तिचीच राहील. निर्णय तिचा. ही स्मरणिका आपल्या हाती पडेल तोवर तो झालेला असेल.

आपल्या संघाच्या चालकांस एक विनंती. वार्षिक मेळाव्यात परदेशी निघालेल्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो व त्यांची छायाचित्रे याच स्मरणिकेत छापतो. पुढच्या वर्षापासून, जे जाऊन परत आले, आणि जे येथेच राहून परदेशी पदवी घेत आहेत, त्यांनाही व्यासपीठावर बोलवावे. खर्च किती झाला, हाती काय आले, हप्ते कसे फिटत आहेत, हे त्यांच्या तोंडून ऐकावे. परत येणे हा अपयशाचा विषय मानल्यामुळे परतलेली मुले बोलत नाहीत, आणि ती बोलत नाहीत म्हणून पुढचा बाप पुन्हा छाप पाहून सौदा करतो. संघाने अशा अनुभवांची एक वही कार्यालयात ठेवावी. पहिली नोंद आमच्या घरची करावयास मी तयार आहे. नातवाने तशी संमती दिली आहे.